बिबवेवाडीचा एक बेड

शुक्रवार, ९ एप्रिल २०२१

नम्रताताई, उशिरा लिहायला घेतोय, माफी असावी. प्रत्येकानं रोज काय काम केलं ते वहीत लिहावं असं तुम्ही गेल्या शनिवारी सांगितलं होतं. आज सहा दिवस झाले. वही घरात होती, अभयच्या कंपनीची, निळ्या पुठ्ठ्याची. पेनही होतं. पण मी सातवी पास माणूस. कुणी वाचणार म्हटलं की हात अडतो. आज मैत्री म्हणाली, "बाबा, जसं बोलता तसं लिहा, परीक्षा नाहीये." म्हणून बसलोय.

मी सुखदेव तायडे, वय एकाहत्तर, टेलिफोन खात्यातून निवृत्त लाइनमन. मूळ मूर्तिजापूरकडचा, पुण्यात शहात्तर सालापासून. धायरीत चौथ्या मजल्यावर मुलगा अभय, सून मैत्री, पत्नी ललिता आणि मी असे राहतो. अभय आणि मैत्री दोघं संगणकाच्या कंपन्यांत आहेत. वर्षभर घरूनच काम चालू आहे. तुम्ही अभयच्या ऑफिसातल्या, हे माहीत आहे. तुम्हाला मी अजून पाहिलेलं नाही, फक्त आवाज ऐकला आहे. आवाजावरून माणूस कामाचा वाटतो.

पुढे कुणी वाचलं तर कळावं म्हणून कामाचंही लिहितो. शहरात बेड मिळेनात, लोक पेशंटला गाडीत घालून दारोदार फिरू लागले, तेव्हा अभय, तुम्ही आणि वेगवेगळ्या कंपन्यांतल्या तीस-चाळीस पोरापोरींनी मिळून तीन दिवसांत एक बोर्ड बनवला. तो मोबाइलवर उघडतो. हॉस्पिटलचं नाव, ऑक्सिजनचा बेड आहे की नाही, व्हेंटिलेटर आहे की नाही. असेल तर हिरवं, नसेल तर लाल. शेजारी खात्री कधी केली ती वेळ आणि खात्री करणाऱ्याचं नाव, नंबर. बोर्ड बनवणं सोपं होतं म्हणे, फोन करणारी माणसं मिळेनात. पोरांना ऑफिसचंही काम आहे. अभय म्हणाला, "बाबा, तुम्ही जन्मभर लोकांचे फोन चालू केले, आता थोडे करून बघा."

माझ्याकडे अकरा हॉस्पिटलं आहेत, सिंहगड रोडपासून बिबवेवाडीपर्यंत. दर दोन तासांनी फोन. आज एकूण त्रेपन्न फोन केले. एकोणीस उचलले. हिरवं दोनदा केलं. बटण दाबताना बोट चुकून दुसऱ्या ओळीवर पडेल अशी सारखी भीती वाटते. दाबल्यावर चष्मा पुसून दोनदा बघतो.

रविवार, ११ एप्रिल

बिबवेवाडीला पंचवीस बेडचं एक लहान हॉस्पिटल आहे. नाव लिहीत नाही. तिथे फोनवर संपत नावाचा वॉर्डबॉय असतो. इतर ठिकाणी आपण "हॅलो" म्हणेपर्यंत "नाही" म्हणून ठेवतात. संपत बोलतो.

"काका, तुम्ही परत? दोन तास झाले पण?"

"झाले. आहे का?"

"चहा आहे. बेड नाही."

"चहा तूच पी. दुपारी सांग."

दुपारी त्यानं आपणहून फोन केला. "काका, एक झाला. लवकर टाका तुमच्या त्या बोर्डावर." बेड 'झाला' म्हणजे कसा झाला, ते मी विचारलं नाही. माणूस घरी गेला असेल असं धरून चालतो.

हिरवं केलं आणि सात मिनिटांत धनकवडीच्या एका बाईंचा फोन आला, पाऊण तासात त्यांच्या वडिलांना दाखल केलं. संध्याकाळी त्यांनी परत फोन केला आणि काही न बोलता नुसत्या रडल्या. मी फोन कानाला तसाच धरून ठेवला. ललितानं विचारलं, "कोण आहे?" म्हटलं, "माहीत नाही."

पूर्वी लोक फोनच्या कनेक्शनसाठी आठ-आठ वर्षं थांबायचे. शेवटी मी खांबावरून वायर ओढून आणली, घंटी वाजली की घरातल्या बाया अशाच रडायच्या. नव्वदनंतर आठवड्यात फोन मिळायला लागला आणि पुढे मोबाइल आले, तसं आम्हाला पाणीसुद्धा कुणी विचारेना. आज पुष्कळ वर्षांनी माझ्या हातानं काही जोडलं गेलं.

बुधवार, १४ एप्रिल

बाबासाहेबांची जयंती. मिरवणूक नाही, विहारात जाणं नाही. घरातच फोटोला हार घातला, मेणबत्ती लावली, चौघांनी वंदना म्हटली. ललितानं खीर केली. तिनं चाखून पाहिली आणि म्हणाली साखर कमी आहे, आणखी घातली. परत चाखली, परत घातली. आम्हाला कुणाला तोंडात धरवेना इतकी गोड झाली. अभय म्हणाला, "आई, हा पाक आहे." ती म्हणाली, "तुमच्या जिभा बिघडल्यात." खूप हसलो. बऱ्याच दिवसांनी.

फोन एकसष्ट. हिरवं एकदाही नाही. आज रात्रीपासून पुन्हा सगळं बंद.

शुक्रवार, १६ एप्रिल

ललिताला ताप आहे. काल घशातला नमुना घेऊन गेले होते, आज पॉझिटिव्ह आलं. आम्हा तिघांचं निगेटिव्ह. तिला आतल्या खोलीत ठेवलं. ताट दाराशी ठेवायचं, ती उचलते. त्रेचाळीस वर्षांत आमच्यात दार आलं ते आजच.

मैत्री सकाळ-संध्याकाळ दोन मास्क लावून आत जाते, ललिताच्या बोटाला ते ऑक्सिजन मोजायचं चिमट्यासारखं मशीन लावते आणि बाहेर येऊन सांगते, "शहाण्णव, बाबा." चौऱ्याण्णवच्या खाली गेलं तर डॉक्टरांना फोन करायचा. मी आकडा भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहितो. दिवसातून दोनदा तिला सांगतो की अजून एकदा लाव. मैत्री म्हणते, "बाबा, मशीन लावून आकडा वाढत नाही."

मला फोनवर जे ऐकू येतं ते तिला ऐकू येत नाही. "काका, सकाळी हसत बोलत होते हो, पोहे खाल्ले, आणि दुपारी सत्तर." असं मी या आठवड्यात चार जणांकडून ऐकलं. म्हणजे माणूस बरा दिसतोय यावर विश्वास ठेवायचा नाही, आकड्यावर ठेवायचा.

रविवार, १८ एप्रिल

तळमजल्यावरचे नागोराव गेले. मंगळवारी जिन्यात भेटले तर म्हणाले, "तायडे, तुमच्या बोर्डात माझ्यासाठी खिडकीजवळचा बघून ठेवा." मी म्हटलं, "तुम्ही अजून शंभर वर्षं आहात." त्यांना बेड मिळाला होता, व्हेंटिलेटर मिळाला नाही. त्यांच्या दारापुढची चप्पल अजून तिथेच आहे.

फोन चव्वेचाळीस. आज लक्ष नव्हतं.

सोमवार, १९ एप्रिल

आज जे झालं ते झालं तसं लिहितो.

सकाळी अभय कंपनीनं मागवलेली ऑक्सिजनची मशीनं पोचवायला बाहेर गेला. मैत्री दार लावून मीटिंगमध्ये. तिची सकाळची मीटिंग लवकर सुरू झाली, म्हणून ललिताचा आकडा घ्यायचा राहिला होता. सव्वाअकरापर्यंत मी थांबलो. मग वाटलं, आपणच घ्यावा. दोन मास्क लावले, हातमोजे घातले, आत गेलो. ती झोपली होती. बोटाला मशीन लावलं. आकडा आला ब्याऐंशी. काढून परत लावला. एकोणऐंशी, परत ब्याऐंशी.

ती शांत झोपली होती. मला ती झोप वाटेना.

मैत्रीचं दार वाजवलं. "बाबा, दहा मिनिटं प्लीज." गेल्या आठवड्यात गॅसचा नॉब चालू राहिला असं वाटून मी तिच्या मीटिंगमध्ये ओरडत शिरलो होतो. परदेशातले लोक बघत होते आणि गॅस बंदच होता. म्हणून आज परत वाजवलं नाही. अभयला फोन लागेना. ॲम्ब्युलन्सला लावला, ते म्हणाले दीड तास.

आणि बिबवेवाडीला बेड होता. अकराला मी स्वतः हिरवा केला होता. संपतला फोन केला.

"तो बेड गेला का?"

"नाही काका. बोर्ड बघून लोक निघाले असतील."

"माझं घरचं माणूस आहे. ठेव."

"काका, एक तास. त्यापुढे मॅडम ऐकणार नाहीत."

मग मी बोर्ड उघडला आणि ती ओळ लाल केली.

आम्ही लाइनमन हे करायचो. केबलमध्ये शंभर पेअर, म्हणजे तारांच्या जोड्या असतात. त्यातली एखादी चांगली पेअर मोकळी दिसली आणि आपल्याला ती दोन दिवसांनी लागणार असली की पेटीतल्या कार्डावर तिच्यापुढे 'खराब' लिहून ठेवायचं. म्हणजे दुसरा लाइनमन हात लावत नाही. आपलं काम झालं की खोडायचं. सगळे करायचे, साहेबांनाही माहीत होतं. त्यामुळे फार तर कुणाचा फोन दोन दिवस उशिरा लागायचा. आज माझं बोट विचार न करता तिकडे गेलं. इतके दिवस ज्या बोटाची मला भीती वाटत होती, ते आज जरासुद्धा कापलं नाही.

मी पिशवी भरायला घेतली. साडी, टॉवेल, आधारकार्ड. इतक्यात फोन आला.

"सुखदेवकाका ना? बोर्डवर तुमचं नाव आहे. मी दीपमाला बोलतेय, कर्वेनगरहून. बिबवेवाडीला हिरवं होतं हो, आम्ही गाडीत बसतच होतो, आणि आता लाल दिसतंय."

"गेला तो, ताई."

"आत्ता पंधरा मिनिटांपूर्वी होता."

"पंधरा मिनिटं हल्ली फार झाली, ताई."

"ह्यांचं चौऱ्याऐंशी आलंय. दिग्विजय नाव, बेचाळीस वय. सकाळपासून नऊ ठिकाणी झालं. तुम्ही एकदा बोलून बघता का तिथे? तुमचं ऐकतील."

तिचा चौऱ्याऐंशी, आमचा ब्याऐंशी. मी त्या क्षणी मनात असं मोजलं. म्हणजे आमची गरज दोन आकड्यांनी मोठी.

म्हटलं, "बोलून काही होणार नाही." तिला लांबच्या दोन हॉस्पिटलांची नावं सांगितली. तिथे मी सकाळपासून फोनही केला नव्हता.

ती म्हणाली, "थँक यू काका. तुम्ही लोक किती करता आमच्यासाठी."

बारा पस्तीसला मैत्री बाहेर आली. पिशवी बघून घाबरली. मी आकडा सांगितला. ती धावत आत गेली, मशीन लावलं, आणि मला दारातून दाखवलं. "बाबा, हा खालचा पल्स आहे. नाडी. ऑक्सिजन वरचा. पंच्याण्णव." आणि ती हसली. मग ललिता जागी झाली आणि म्हणाली, "कोण कुठे चाललंय पिशवी घेऊन?"

मीही हसलो. खरंच हसलो, दोन-तीन मिनिटं. मग संपतची आठवण झाली.

"नको रे तो बेड. दे दुसऱ्याला."

"अहो काका, मग आधी सांगायचं ना! दारातून दोघांना परत पाठवलं मी. आता तिसरे आलेत, देतो त्यांना."

बोर्डवर हिरवं केलं आणि तीन मिनिटांनी परत लाल केलं, कारण तिसऱ्यांना तो मिळाला. परत पाठवलेले दोघं कोण होते, त्यात कर्वेनगरची गाडी होती का, हे संपतला माहीत नाही. मी दीपमालाताईंना फोन लावला. व्यस्त. परत व्यस्त. मग वाजून वाजून बंद. ॲम्ब्युलन्सवाल्यांना नको म्हणून सांगायचं राहिलं, ती दोन वाजता खाली येऊन उभी राहिली. त्यांनाही हात जोडले.

एक तास पंधरा-वीस मिनिटं तो बेड रिकामा होता. गादी, चादर, ऑक्सिजनची नळी, सगळं तयार, आणि त्यावर कुणी नाही.

मंगळवार, २० एप्रिल

ही वही नम्रताताईंना दाखवायची नाही. त्यांच्यासाठी दुसरी करीन, नुसत्या आकड्यांची.

कर्वेनगरला आज अकरा वेळा फोन केला. वाजतो. उचलत नाहीत. दवाखान्यात माणूस आहे म्हटल्यावर कोण फोन उचलणार. उचलत नाहीत म्हणजे बहुतेक दाखल झाले.

एक बरं आहे. कागदावर खोडलं की डाग राहतो. मोबाइलवर लाल काढून हिरवं केलं की खाली काही उरत नाही.

शेवटी तो बेड कुणाला तरी मिळालाच की. एका माणसाचा जीव वाचलाच. मी हे दिवसभर स्वतःला सांगतोय. पण त्या तिसऱ्या माणसाला दुसरा कुठला तरी मिळाला असता, मग त्या दुसऱ्यावरचा... डोकं चालत नाही.

गुरुवार, २२ एप्रिल

बोर्डवर अभयनं नवीन नियम आणला आहे. हिरव्याचं लाल करायचं असेल तर आता एकट्यानं करता येत नाही. दुसऱ्या कुणीतरी त्याच हॉस्पिटलला फोन करून खात्री करायची, मगच लाल होतं. ग्रुपवर त्यानं लिहिलं की चुका टाळण्यासाठी. चांगला नियम आहे. चार दिवस आधी सुचला असता तर.

बिबवेवाडीचं हॉस्पिटल त्यानं माझ्याकडून काढलं. म्हणाला, "त्या बाजूला एक नवीन मुलगी आलीय, तिला सोपं पडेल."

"संपतला माझा आवाज ओळखीचा आहे."

"असू दे, बाबा."

तो हे माझ्याकडे न बघता म्हणाला. काम फार आहे त्याला. दुपारी त्याच्या मागून गेलो तर लॅपटॉपवर लांबच लांब यादी होती, नावं आणि वेळा, माझंही नाव दिसल्यासारखं वाटलं. मी जवळ गेलो तसं त्यानं झाकण मिटलं. कंपनीचं गुपित असेल, बाहेरच्यानं बघायचं नसतं.

रविवार, २५ एप्रिल

ललिताचा ताप गेला. अजून आतच आहे. संध्याकाळी दाराबाहेर खुर्ची टाकून बसलो आणि तिला सगळं सांगितलं. दार बंद होतं म्हणून सांगता आलं.

मग तिनं आतून विचारलं,

"नाव काय तिचं?"

"दीपमाला."

"त्याचं?"

"दिग्विजय. बेचाळीस."

"अभयपेक्षा चारच वर्षांनी मोठा."

मी म्हटलं, "तुझ्यासाठी केलं. तुझा ब्याऐंशी बघून मला सुचलंच नाही काही."

"अहो, हे एक मला सांगू नका. मी झोपले होते. माझ्यासाठी केलं म्हणून ते माझ्या उशाशी आणून ठेवू नका." मग म्हणाली, "फोन करत राहा. शिव्या दिल्या तर खा."

"उचलतच नाहीत."

"तरी करत राहा."

फोन, त्यांना, सहा.

रविवार, २ मे

नम्रताताईंनी सगळ्यांना स्क्रीनवर बोलावलं. छोटे छोटे चौकोन आणि प्रत्येकात एक तोंड. पहिल्यांदाच त्यांना पाहिलं, मुलगीच आहे अगदी, डोळ्यांखाली काळं. त्यांनी हिशोब सांगितला की बोर्डवरून एक हजार एकशे चाळीस पेशंटना बेड मिळाला, तोही ज्यांनी उलट फोन करून कळवलं त्यांचाच आकडा. तीसभर पोरांनी घरात बसून हे केलं. माझ्या काळात टेलिफोनचं सगळं खातं राबलं तरी एवढं एका महिन्यात झालं नसतं. ऐकून ऊर भरून आला.

मग त्या म्हणाल्या, "आणि सर्वांत जास्त फोन करणारे आपले सर्वांत ज्येष्ठ, सुखदेवकाका!" सगळ्या चौकोनांतून टाळ्या. माझ्या नावाचं प्रमाणपत्र स्क्रीनवर आलं. मैत्रीनं पाठीवर हात ठेवला. अभयचा चौकोन काळा होता, त्यानं कॅमेरा लावला नव्हता. तो शेजारच्याच खोलीत होता.

संपल्यावर त्याच्याकडे गेलो.

"अभय, एक विचारू? बोर्डवर आपण लाल-हिरवं करतो, ते नंतर कुठे राहतं का?"

"राहतं."

"म्हणजे कुणी कधी केलं, तेसुद्धा?"

"सगळं राहतं, बाबा. सेकंदासकट." तो स्क्रीनकडेच बघत होता. मग म्हणाला, "जेवायला चला. आईनं आज स्वतः भाकरी केलीय."

म्हणजे त्याला माहीत आहे? आणि माहीत असूनही त्यानं मला तिथे टाळ्या घेऊ दिल्या? की मी उगाच काहीतरी जोडतोय? विचारायचं धाडस झालं नाही. भाकरी चांगली झाली होती. तोही आणि मीही, दोघं एक एकच खाऊन उठलो.

बुधवार, ५ मे

फोन एकोणतीस. बेड आता थोडे थोडे मोकळे दिसतात. लोक म्हणतात उतार लागला. रस्त्यावरचे सायरन मात्र तसेच, सकाळी मोजत होतो, मग सोडून दिलं.

कर्वेनगरचा फोन आज एकदा उचलला गेला. कुणी बोललं नाही. मागे बऱ्याच बायकांचे आवाज होते, भांडी वाजल्याचा आवाज होता. घरात माणसं जमली आहेत म्हणजे घरी आले असतील दवाखान्यातून. मी "हॅलो, मी सुखदेवकाका" म्हणेपर्यंत ठेवला.

शनिवार, ८ मे

आज मन पुष्कळ हलकं आहे. कारण लिहितो.

व्हॉट्सॲपवर माणसाच्या नावाशेजारी त्याचा गोल फोटो असतो. दीपमालाताईंचा नंबर मी त्याच दिवशी जपून ठेवला होता. त्या गोलात दोघांचा फोटो होता, कुठल्यातरी किल्ल्यावर, वाऱ्यानं केस उडालेले, आणि तो तिच्या मागे उभा राहून हसतोय. मी तो रोज बघायचो. आज सकाळी बघितलं तर फोटो बदललेला. आता त्यात तो एकटाच आहे. स्टुडिओतला फोटो आहे, कोट घातलेला, मागे पांढरं. चेहरा भरलेला, तब्येत उत्तम. खाली बारीक काहीतरी लिहिलं आहे, पण गोलात अर्धं कापलं गेलं आहे आणि माझ्या चष्म्यानं वाचता येत नाही. वाढदिवस असेल.

घरात माणूस आजारी असेल तर नवीन फोटो लावायचं कुणाला सुचतं? माणूस बरा होऊन घरी आला, तिला त्याचं कौतुक वाटलं, म्हणून लावला. मला तरी दुसरं काही दिसत नाही.

मैत्रीला दाखवला. तिनं मोबाइल हातात घेतला, बोटांनी फोटो मोठा केला आणि बराच वेळ बघत राहिली.

"छान आहे ना?"

"हो बाबा. छान आहे."

"आता मी त्यांना सगळं खरं लिहून टाकतो. तो बरा आहे म्हटल्यावर रागावतील, पण माफ करतील."

"बाबा, आत्ता नका पाठवू. थोडे दिवस जाऊ द्या."

"किती दिवस?"

ती मोबाइल परत देऊन आत ललिताकडे गेली आणि दोघी हळू आवाजात बोलत राहिल्या. नंतर ललिता बाहेर आली, माझ्या शेजारी बसली आणि पहिल्यांदाच "फोन करत राहा" म्हणाली नाही. आजारपणानं ती फार थकली आहे.

मैत्री भिडस्त आहे, लोकांना त्रास नको म्हणते. पण मला आता राहवत नाही. एकोणीस दिवस झाले. आधी इथे लिहून घेतो, मग बघून बघून मोबाइलवर उतरवतो.

दीपमालाताई, नमस्कार. मी बोर्डवरचा सुखदेवकाका. १९ तारखेला तुम्ही बिबवेवाडीच्या बेडसाठी फोन केला होता. तो बेड गेलेला नव्हता. माझी पत्नी आजारी होती, मी मशीनचा आकडा चुकीचा वाचला आणि तिच्यासाठी तो अडवून ठेवला. तुम्हाला खोटं सांगितलं. ती बरी आहे. नंतर मी तुम्हाला फार फोन केले, त्याचा त्रास झाला असेल. आज साहेबांचा नवीन फोटो पाहिला आणि जिवात जीव आला. तब्येत चांगली दिसते. त्यांना अजून महिनाभर तरी जिना चढू देऊ नका, आमच्या डॉक्टरांनी तसं सांगितलं आहे. तुम्हाला माझ्याशी बोलायचं नसेल तर बोलू नका, ते बरोबरच आहे. मला फक्त एवढंच हवं आहे की त्या दिवशी शेवटी कुठे बेड मिळाला आणि किती वाजता. हॉस्पिटलचं नुसतं नाव लिहिलं तरी पुरे. मी मोबाइल हातातच ठेवला आहे. कृपा करून लवकर कळवा.